न पाहिलेले सहा दिवस

गिरीधरला मार्केटिंग कोणी शिकवलं नव्हतं. बीकॉम झाल्यावर तो चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका खोक्यांच्या कारखान्यात लागला आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर व्हिडिओ बघत शिकला. पहिल्या ओळीला वाचणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. दुसऱ्या ओळीत अडचण. मग माणूस. शेवटी आशा. एवढं त्याला तोंडपाठ होतं आणि तेवढ्याच्या जोरावर त्याला 'मीण्डुम'मध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली.

मीण्डुम म्हणजे तमिळमध्ये 'पुन्हा'. शोळिंगनल्लूरला दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्यांची संस्था. संशोधन सोडून घरी बसलेल्या बायकांना परत लॅबमध्ये न्यायचं, एक वर्ष त्यांची सगळी सोय करायची, हे तिचं काम. दुसरं वर्ष हवं असेल तर कोणी कंपनी पुढे यावी लागे. कंपनी पुढे यायला गोष्ट लागे. आणि गोष्टी लिहायला इंटर्न.

संस्थेच्या प्रमुख विद्यालक्ष्मी मॅडम. त्यांनी स्वतः पीएचडी अर्ध्यात सोडली होती आणि त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. त्यांचा नियम एकच. गोष्ट जिची आहे तिने वाचून 'ठीक' म्हटल्याशिवाय ती बाहेर जायची नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत गिरीधरच्या वाट्याला कनका आली.

कनका गंजावर काम करायची. चेन्नईची खारट हवा इमारतींच्या पोटातल्या सळ्या खाते. ती हवा अडवणारा एक लेप तिने बनवला होता. लेप लावलेल्या चोवीस लोखंडी पट्ट्या तिने तिरुवान्मियूरला समुद्राजवळच्या आपल्या लॅबच्या गच्चीवर टांगल्या आणि चोवीस वेलचेरीत स्वतःच्या घराच्या गच्चीवर. दर महिन्याला दोन्हीकडची एकेक पट्टी काढायची, लॅबमध्ये नेऊन गंज मोजायचा. चोवीस महिने. एका पावसाळ्याने काही ठरत नाही, दोन बघावे लागतात. मार्चअखेर तिचं पहिलं वर्ष संपणार होतं. दुसरं मिळालं नाही तर प्रयोग अर्ध्यात तुटणार होता.

गिरीधर मुलाखतीला वेलचेरीला गेला तेव्हा दार कनकाच्या सासूबाईंनी उघडलं. सईबाई. सत्तरीच्या, बारीक, नऊवारी नाही पण नाकात चमकी.

"कोणाचा रे तू?"

"अंबत्तूरहून आलोय. श्रीदेवीचा मुलगा."

"कोण श्रीदेवी? तंजावरात मानंबुचावडीला राहायचे त्या गुंडोरावांची नात?"

"हो, तीच."

"मग तसं सांग की डा! अंबत्तूर अंबत्तूर काय करतोस, बसच्या कंडक्टरागत." आणि त्या आत वळून ओरडल्या, "कनका, आपलाच मनुष्य आहे! कॉफी मोठ्या तांब्यात घाल."

गिरीधर हसला. दोन्ही घरं तंजावरी मराठी, पण घरी आईशी तो तमिळच जास्त बोलायचा. सईबाईंचं जुनं मराठी, मधेच तमिळ हेल, त्याला आजोबांच्या आवाजासारखं वाटलं.

कनका चाळिशीची, बोलायला सरळ. त्याने ठरलेला प्रश्न विचारला. सात वर्षं लॅब का सोडली?

"मला कोणी अडवलं नाही, गिरी. माझा निकाल चुकला होता. मी वापरलेल्या मिठातच भेसळ होती. पेपर छापून आल्यावर मला कळलं. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मीच पत्र लिहून पेपर मागे घेतला."

"तुम्ही स्वतः?"

"मग काय करणार? खोटं होतं ते. पण त्यानंतर लॅबचं दार दिसलं की मी मागे वळायचे. म्हणता म्हणता सात वर्षं गेली."

सईबाई मधेच म्हणाल्या, "नाव गेलं माझं, नाव गेलं, हेच धरून बसली होती. मी म्हटलं, बाई, तांदळाचे वडाम गच्चीवर वाळत घातले. पाऊस आला. भिजले, गेले. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात कोणी वडाम घालीत नाही का?"

मग त्या त्याला गच्चीवर घेऊन गेल्या. पट्ट्या एका लाकडी चौकटीला ओळीने टांगलेल्या. बाजूला जुन्या साडीवर वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे. आणि जिन्याच्या दाराआड खिळ्याला दोरीने बांधलेली एक लांबट वही.

रोज सकाळी सहाला सईबाई वर येऊन त्या दिवसाची हवा लिहायच्या. दंव किती, वारा कुठून, ऊन कसं. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. गिरीधरचे आजोबा अशीच पत्रं लिहायचे, त्यामुळे त्याला वाचता आलं. 'आज दंव भारी. पट्टी क्र. नऊ खालून काळी.' 'समुद्राचा वारा, अंग चिकट.' नोव्हेंबरचं एक पान पाण्याने फुगलेलं होतं. 'रस्त्यात कमरेइतकं पाणी. पट्ट्यांस काही झालं नाही.'

"लॅबमध्ये हवा मोजायचं यंत्र आहे," कनका म्हणाली, "पण इथे नाही. इथलं यंत्र अम्मा. ही वही नसेल तर इथल्या चोवीस पट्ट्या नुसतं लोखंड आहेत."

गिरीधरने फोटो काढले. एका फोटोत कनका पुढे आणि मागे सईबाई, उन्हाने डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या.

ऑफिसात त्याने हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. समोर बसणारी दुसरी इंटर्न, हरिणी, तिने वाचलं.

"यात व्हिलन कुठाय?"

"व्हिलन नाहीये."

"मग गोष्ट पण नाहीये, राजा. बाई चुकली, घरी बसली, सासूने समजावलं, परत गेली. पंप कंपनीवाल्यांना रोज असे चाळीस मेल येतात. कोण थांबणार?"

पंप कंपनी अंबत्तूरची होती. यंदा एका बाईच्या एका वर्षाचा खर्च ती उचलणार होती. पाच गोष्टींतून एक निवडणार होती.

गिरीधरला हरिणीचं बोलणं लागलं, कारण त्याला ते पटलं. दुसऱ्या ओळीत अडचण हवी. त्याने फोटो परत बघितला. कपाळाच्या आठ्या बघितल्या. आणि इंग्लिशमध्ये नवीन लिहायला घेतलं.

सात वर्षं एका शास्त्रज्ञ बाईच्या हातात लोखंड नव्हतं, वडामांचं पीठ होतं. उंबरठ्याच्या आत सासूचं राज्य होतं. एक दिवस तिने गच्चीवरचे वडाम बाजूला सारले आणि तिथे आपला प्रयोग टांगला.

बोटं आपोआप चालत होती. एकही वाक्य धडधडीत खोटं नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. पीठ होतंच की. सासू होतीच. मागे घेतलेला पेपर मात्र कुठेच आला नाही, आणि वहीही नाही.

कनकाला पाठवलं. दहाव्या मिनिटाला उत्तर आलं, 'ठीक.'

त्याने फोन केला. "अक्का, वाचलंत ना?"

"तू लिहिलंस ना? आपल्याच माणसाचं काय तपासायचं? हाताला लेप लागलाय रे, ठेवते."

तेव्हा त्याला सांगता आलं असतं. एकदा वाचा अक्का, एवढंच. पण त्याने फोन ठेवला आणि मॅडमना कळवलं की 'ठीक' आलंय.

गोष्ट संस्थेच्या पानावर गेली आणि सुसाट सुटली. मीण्डुमची एवढी फिरलेली पोस्ट आजवर नव्हती. अनोळखी बायका खाली लिहीत होत्या, माझी सासू पण अशीच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचा मेल आला. निवड कनकाची. पुढच्या शुक्रवारी सही. हरिणीने त्याच्या टेबलावर मुरुक्कूची, म्हणजे चकल्यांची पिशवी ठेवली आणि म्हणाली, "बघ, व्हिलन लागतो."

त्याच रविवारी पश्चिम माम्बलमच्या एका मंडपात कोणाची तरी मुंज होती. गिरीधर गेला नाही, आई गेली. संध्याकाळी परत आली आणि रेशमी साडी न बदलता तशीच खुर्चीत बसली.

"गिरी, ते कनकाचं तू लिहिलंस?"

"हो. का?"

"अलमेलूने पंगतीत वाचलं." अलमेलू म्हणजे नात्यातली, शाळेत इंग्लिश शिकवणारी. "बिचारीला वाटलं, काहीतरी मानाचं आहे. 'सईबाई, तुमच्या घराचं आलंय, ऐका सगळ्यांनी!' म्हणून मोठ्याने सुरू केलं. एकेक ओळ मराठीत सांगत होती. निम्म्यात तिचा आवाज बसला. पण पंगत सगळी ऐकत होती, मधेच कशी थांबणार? शेवटपर्यंत वाचलं तिने."

"आणि त्या?"

"पानावरचा भात कालवीत राहिल्या. कालवीतच राहिल्या. घास नाही घेतला." आईने पदराची गाठ सोडली, परत बांधली. "वाढणाऱ्याने विचारलं, रस्सम घालू का, तर म्हणाल्या, 'नको बाबा, माझ्या राज्यात पुष्कळ आहे.' कोणी हसलं नाही."

सोमवार, मंगळवार गिरीधरने फोन उलटा ठेवला. बुधवारी कनकाचाच आला.

"तीन दिवस वही कोरी आहे," ती म्हणाली. 'हॅलो' नाही, काही नाही. "अम्मा वर जात नाहीत. मी वाचलं तुझं. परवा वाचलं. आधी वाचायला हवं होतं, ती माझी चूक. पण गिरी, तुला माहीत होतं ना मी वाचलं नाहीये?"

"हो."

"मिठातली भेसळ मला माहीत नव्हती. तरी मी पेपर मागे घेतला. तू तर भेसळ स्वतःच्या हाताने केलीस."

तिच्या मागे लॅबमधला पंखा घरघरत होता.

"शुक्रवारी सही आहे, अक्का," शेवटी तो म्हणाला.

"माहितीये मला. मला दुसरं वर्ष किती हवंय ते तुला कळायचं नाही. दोन दिवस झोपले नाहीये." मग म्हणाली, "काढ ते. खरं लिही. पण आधी अम्मांना वाचून दाखव. त्यांना कळेल असं."

विद्यालक्ष्मी मॅडमनी सगळं ऐकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शुक्रवारनंतर काढ. दोन दिवस. एवढंच मागतेय."

"सही झाल्यावर काढलं तर कंपनीला फसवल्यासारखं होईल, मॅडम."

"आणि आत्ता काढलंस तर कनकाचा प्रयोग तुटेल. चूक तुझी आणि भोगणार ती. हा कुठला न्याय?"

"अक्कांनीच सांगितलंय."

मॅडमनी खिडकीतून खालच्या शेअर ऑटोंच्या रांगेकडे बघितलं. "ती करेल असं," त्या म्हणाल्या. "पेपर मागे घेतला होता म्हणून तर मी तिला घेतली. तिच्या अर्जात ती पहिलीच ओळ होती. तू तीच कापलीस." मग चष्मा घातला. "अकाउंट तुझ्या हातात आहे. मी थांबवत नाही. 'ठीक' मीही नीट विचारून घेतलं नव्हतं."

गुरुवारी सकाळी तो वेलचेरीला गेला. सईबाई स्वयंपाकघरात खाली बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. वर बघितलं नाही. बस म्हणाल्या नाहीत. तो आपणच समोर फरशीवर बसला.

"आजी, मी चुकलो."

शेंग मोडल्याचा आवाज.

"नवीन लिहिलंय. तुम्हाला वाचून दाखवू?"

"कशास? मला इंग्लिश येत नाही. येत असतं तर पंगतीत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं?"

"मराठीत सांगतो."

त्याने फोन काढला. इंग्लिश वाक्य बघायचं, मनात फिरवायचं, मराठीत बोलायचं. अडखळत होता. 'रिट्रॅक्ट'ला मराठी शब्द सापडेना, 'संयम' तर आठवेचना.

"इंग्लिशात पळतोस," सईबाई शेंगांकडेच बघत म्हणाल्या, "आणि मराठीत आलास की वेलचेरीच्या पाण्यात बंद पडलेल्या स्कूटरागत. ढकल, ढकल."

तो ढकलत राहिला. भेसळीचं मीठ. मागे घेतलेला पेपर. गच्चीवरची वही, पुरातलं पान. मग शेवटचा भाग आला. कनकाची सासू पहिल्या दिवसापासून तिच्या पाठीशी देवीसारखी उभी होती. तिने कधी एका शब्दाने...

"थांब."

तो थांबला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे... तुम्ही एवढं केलंत..."

"ती कुढत होती तेव्हा मी समजावलं, ते खरं. पण पट्ट्या आणून टांगल्या त्या दिवशी मी भांडले. गच्चीचा निम्मा भाग गेला. वडाम कुठे घालू? दोन महिने तिच्याशी धड बोलले नाही. जेवायला वाढायचे आणि तोंड फिरवायचे. विचार तिला."

"आणि मग वही?"

"मग काय. वडामांसाठी रोज आभाळ बघतच होते. ती दंवाचा हिशोब चुकीचा लिहायची. उशिरा उठायची, तोवर दंव वाळलेलं असायचं. मला बघवेना. म्हटलं, आण इकडे, मी लिहिते." त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "आधी मला राक्षस केलंस, आता देवी करतोस. मनुष्य लिहायला येत नाही का रे तुला?"

गिरीधरची मान खाली गेली. तिथेच बसून त्याने ते वाक्य काढलं. दोन महिन्यांचं भांडण घातलं. फिरवलेलं तोंड घातलं, उशिरा उठणं घातलं. सगळं परत वाचून दाखवलं. सईबाईंनी शेंगांची टोपली उचलली, उठल्या. "आता आहे तसं आहे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. कॉफी विचारली नाही.

दुपारी त्याने जुनी पोस्ट काढली. नवी टाकली. सर्वांत वर स्वतःचं नाव घालून लिहिलं, 'मागची गोष्ट मी जाणूनबुजून वाकडी लिहिली होती. त्यात ज्या सासूबाईंना मी नावं ठेवली, त्यांची माफी मागतो.' पहिल्या ओळीला कोणाचा अंगठा थांबेल की नाही, हे त्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं नाही. फारसे कोणी थांबलेही नाहीत.

शुक्रवारी अकरा वाजता कंपनीतून फोन आला. भाषा फार गोड होती. या घडामोडी पाहता आम्ही थोडं थांबतो. पुढच्या वर्षी कनकांनी जरूर अर्ज करावा. मॅडमनी 'हो, हो, समजू शकते' म्हटलं, फोन ठेवला आणि आपली बाटली भरायला बाहेर गेल्या. संध्याकाळी जाताना हरिणीने त्याची खुर्ची आत सरकवून ठेवली, रोज तो विसरायचा म्हणून.

रविवारी गिरीधर पहाटे साडेचारला अंबत्तूरहून निघाला. कशाला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. वेलचेरीला पोचला तेव्हा कनका गच्चीवर होती. लॅब सुटणार म्हणून तिरुवान्मियूरच्या राहिलेल्या बारा पट्ट्या तिने आदल्या दिवशीच उतरवल्या होत्या. त्या एका वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्यात ठेवल्या होत्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी.

"अर्ध्या वाटेवरचं उत्तर," ती म्हणाली. "अर्ध्या वाटेवरचं म्हणूनच लिहीन."

"आणि या?" त्याने चौकटीकडे बघितलं. घरच्या बारा पट्ट्या वाऱ्यावर हलत होत्या.

"मोजायला लॅब लागते. टांगायला काही लागत नाही. राहू देत. पुढच्या वर्षी कोणी मोजू दिलं तर मोजू." तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज रोजचाच. "तुझ्यावर राग आहे माझा, गिरी. गेला नाहीये. जाईल तेव्हा सांगते."

"बरं, अक्का."

जिन्यात पावलं वाजली. सईबाई, एक हात कठड्याला, हळूहळू. त्याला बघून त्या थबकल्या, मग दाराआडची वही खिळ्यावरून काढली. उघडली. शेवटची नोंद मुंजीच्या दिवशीची. पुढे सहा दिवस काही नाही.

गिरीधरला वाटलं, एवढं तरी आपल्या हातून व्हावं.

"आजी, फोनवर मागच्या दिवसांचं हवामान मिळतं. दंव, वारा, सगळं. भरून देऊ का ते सहा दिवस?"

कनका आणि सईबाई दोघींनी एकदम त्याच्याकडे बघितलं.

सईबाईंनी दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली. वाकून, एकेका तारखेपुढे, त्याच लांब तमिळ अक्षरांत लिहीत गेल्या. सोमवार, पाहिलं नाही. मंगळवार, पाहिलं नाही. सहा वेळा. घाई नाही. शनिवारचं लिहून झाल्यावर त्यांनी आजची तारीख घातली आणि वही गिरीधरपुढे धरली.

"जा, पट्ट्यांखालून हात फिरव. ओलं लागतं का बघ. मग लिही."

त्याने चपला काढल्या. गच्ची अजून गार होती. पहिल्या पट्टीखाली त्याने बोट धरलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मागे दोघी जणी उभ्या होत्या. बाराही झाल्याशिवाय तो वळला नाही.